सूक्ष्मदर्शक घेऊन आजोळी

पहिला दिवस : कोल्हापूर ते मालवण

एसटीत खिडकीशी सई, तिच्या शेजारी मी, आणि माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक. कंडक्टरने विचारलं, आत देव आहे का? दाजीपूरचं जंगल मागे पडून फोंडा घाटाची वळणं लागली तेव्हा मी ते बोचकं पोटाशी घट्ट धरलं ते थेट कणकवलीपर्यंत.

सई माझ्या ताईची मुलगी, अकरावी सायन्सला. दिवाळीत तिचं जर्नल पाहिलं होतं. पेशीची आकृती सुरेख, बाण पट्टीने आखलेले, नावं बिनचूक. ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य ती एका दमात म्हणून दाखवायची. मग तिनेच विचारलं, “मावशी, हे सगळं आत असंच बसून असतं का गं?” एकोणीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात हा विषय शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर फळ्यावर देता येत नाही. म्हणून मी रजा टाकली आणि तिला घेऊन जानेवारीत आजोळी निघाले.

दुपारी मालवणला उतरलो. मामा स्टँडवर उभाच होता. घरी आजी पडवीत वाट बघत बसलेली. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतो, पण आवाज खणखणीत.

दिवेलागणीला स्वयंपाकघरात पहिली काचपट्टी तयार केली. कांद्याची आतली पाकळी मोडली की तिला चिकटून एक पारदर्शक पापुद्रा निघतो. तो पाण्याच्या थेंबात पसरला, वर पातळ काच ठेवली, खालून मोबाईलची बॅटरी. सईला आधी नुसत्या विटा दिसल्या, पेशीभित्तिकांच्या. “केंद्रक कुठंय?” म्हणाली. मी खालची झडप जरा मिटली. उजेड कमी झाला की पारदर्शक वस्तूंच्या कडा उठून दिसतात. मग ती बोलायची थांबली. पेशीच्या मधून बारीक दोऱ्या गेल्या होत्या आणि त्या दोऱ्यांवरून कण चालले होते. काही डावीकडे, काही उजवीकडे, एखादा मध्येच थबकून मागे फिरणारा.

पेशीत बहुतेक जागा रिक्तिका, म्हणजे पाणीदार रसाची पिशवी, अडवते. मोठ्या झालेल्या वनस्पतीपेशीत ती ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत असते. पेशीद्रव्य तिच्याभोवती पातळ थरासारखं लागलेलं असतं आणि तिला छेदून जाणाऱ्या अशा दोऱ्या असतात. त्यांवरून चालणाऱ्या कणांत तेलाचे सूक्ष्म थेंब असतात, तशाच तंतुकणिकाही.

मग काचेच्या कडेला आयोडीनचा थेंब सोडला आणि समोरच्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घेतलं. पिवळट रंग आत सरकत गेला आणि एकेका पेशीत गोल केंद्रक उमटत गेलं. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये आमरांच्या (ऑर्किडच्या) पेशींतला हाच ठिपका पाहून त्याला नाव दिलं. पण दोऱ्यांवरची ये-जा थांबली होती. आयोडीनने पेशी मरतात, मी म्हटलं.

“म्हणजे जर्नलमध्ये आम्ही नेहमी मेलेली पेशी काढतो?”

हो, मेलेलीच.

आजीलाही बघायचं होतं. खुर्ची सरकवली, मान धरली, डोळा भिंगाला टेकवला. पापणीच मध्ये येत होती. “माका काय दिसना नाय गो. काळोख आसा,” म्हणाली आणि उठली. मला ते फार लागलं.

दुसरा दिवस : वायंगणातलं पाणी

मामाचा एक तुकडा वायंगणी भाताचा आहे. पावसाळी भात कापून झाल्यावर ज्या सखल जमिनीत पाणी टिकतं तिथे थंडीत दुसरं पीक घेतात, ते वायंगण. बांधाच्या कडेला घोटाभर स्वच्छ पाण्यात मला हवी ती वनस्पती मिळाली: नायटेला. लोक तिला शेवाळच म्हणतात. हिरव्या, काचेसारख्या कांड्या आणि प्रत्येक पेराशी फांद्यांचा झुपका. तिची एक कांडी म्हणजे एकच पेशी. आम्ही उचलली ती जवळपास चार सेंटिमीटर भरली. एरवी जी गोष्ट बघायला बहुधा भिंग लागतं ती इथे चिमटीत धरता येते.

घरी येऊन ती पेशी मी आधी आजीच्या तळहातावर ठेवली. तिने ती अंगठ्याने हलकेच फिरवून पाहिली.

“ह्यां एकच?”

“एकच पेशी, आजी. आत केंद्रकं मात्र हजारो.”

“आणि ह्यां जित्तां आसा?”

जितं आहे हे आम्ही पुढचे तीन तास पाहत बसलो. पडवीतल्या उन्हाकडे आरसा फिरवला. पेशीच्या भिंतीला आतून हरितलवकं, म्हणजे हरितद्रव्याचे हिरवे दाणे, चिकटलेली, मण्यांच्या माळा शेजारी शेजारी लावाव्यात तशी, किंचित तिरक्या रांगांत. ती हलत नाहीत. पण त्यांच्या आत, एक थर खाली, सगळं पेशीद्रव्य वाहत असतं. पाटाच्या पाण्यात पालापाचोळा वाहावा तसे कण सरळ एका दिशेने जातात, टोकाला वळसा घेतात आणि पलीकडच्या बाजूने परत येतात. जाणारा आणि येणारा प्रवाह यांच्यामध्ये हरितलवकं नसलेली एक स्वच्छ रेघ असते. तिच्यावर कण कुठेच जात नाहीत. एखादा कण त्या रेघेजवळ आला की डुगडुगतो, मग कुठल्या तरी एका प्रवाहात ओढला जातो. सईने तसा एक कण धरून ठेवला होता, डोळ्याने. तो गेला तेव्हा “गेला!” म्हणून ओरडली. मामी आतून धावत आली.

आम्ही वेग मोजला. दहाच्या भिंगाखाली आमच्या यंत्रात दिसणारं वर्तुळ १.८ मिलिमीटर व्यासाचं आहे. मी घड्याळ धरलं आणि सईने कण. कणाला ते वर्तुळ पार करायला पाच वेळा मोजून सरासरी २७ सेकंद आले. म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ मायक्रोमीटर. या हिशेबाने चार सेंटिमीटरची पेशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायला दहा मिनिटं. सईने वहीत लिहिलं: ‘आत हजार मायक्रोमीटरचा एक मिलिमीटर असतो आणि तो चालून जावा लागतो.’ तिच्या जर्नलमधल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मला हे जास्त आवडलं.

चालवतं कोण? हरितलवकांच्या रांगांखाली ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तारांचे जुडगे ताणलेले असतात. मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन त्या तारांवरून पावलं टाकत जातं आणि आपल्यासोबत पेशीतलं सामान ओढून नेतं. त्या ओढीने सगळा रस वाहू लागतो. आपल्या दंडातला स्नायू आखडतो तोही ॲक्टिन आणि मायोसिन यांच्याच खेचाखेचीने. प्रकार वेगळे, घराणं एकच. हा प्रवाह इटलीतल्या बोनावेंतुरा कोर्तीने १७७४ मध्ये पाहिला, म्हणजे केंद्रकाला नाव मिळायच्याही सत्तावन्न वर्षं आधी.

एक प्रयोग राहिला होता. पेशीला सुईच्या टोकाने हलका धक्का दिला. प्रवाह क्षणात थांबला. एकूण एक कण जागच्या जागी. सईचा चेहरा उतरला, तिला वाटलं आपण मारली. धक्क्याने पेशीच्या पटलावरून एक विद्युतलहर जाते, आत कॅल्शियम वाढतं आणि मायोसिनची पावलं अडतात. मी म्हटलं, थांब. दोन-तीन मिनिटांनी एक कण सरकला. मग दुसरा. हळूहळू पाट पुन्हा वाहायला लागला. तोवर सईने डोळा काढला नव्हता.

ती पेशी आम्ही संध्याकाळी पाण्याच्या वाटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी परत वायंगणात सोडली, हे सईच्या हट्टाने.

तिसरा दिवस : मामीचं स्वयंपाकघर

वायंगणाखेरीज कुठेच गेलो नाही. मामी सोलकढी करत होती. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, बाटलीतून थोडंसं ओतलं की नारळाचं दूध बघता बघता गुलाबी होतं. मी कोल्हापूरची, माझ्या डोळ्यांसमोर तांबडा रस्सा. रश्श्याचा लाल रंग वर तरंगतो, कट म्हणतो आपण त्याला. कोकमाचा रंग मात्र सगळीकडे एकसारखा मिसळून जातो. सईला म्हटलं, असं का ते आज पेशीतच बघू.

परसातली पिकलेली लाल मिरची उभी चिरली, आतला गर सुईने खरवडून पाण्याच्या थेंबात पसरला. पेशी पाण्यासारख्या नितळ, आणि त्यांत नारिंगी-लाल दाणे विखुरलेले. ही वर्णलवकं. मिरची हिरवी असताना हीच हरितलवकं होती. पिकताना त्यांच्यातलं हरितद्रव्य मोडलं, लाल रंगद्रव्य भरलं आणि रूप पालटलं. हे रंगद्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून तर फोडणीत तिखट पडलं की तेल लाल होतं.

मग लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा. इथे दाणे नाहीत, अख्खी पेशीच जांभळ्या रसाने भरलेली. रंग लवकात नसून रिक्तिकेत, पाण्यात विरघळलेला. कोकमाच्या सालीतला रंगही याच जातीचा, अँथोसायनिन. आंबट रसात लाल राहतो. सईने मामीची नजर चुकवून चमचाभर आगळात खायचा सोडा टाकला. फसफसलं आणि रंग काळपट निळा झाला. मामी रागावली. आगळ वर्षाचं मोजून भरलेलं असतं.

जांभळ्या पापुद्र्याला मिठाचं पाणी दिलं. दोन मिनिटांत प्रत्येक पेशीतली जांभळी पिशवी भिंतीपासून सुटून आत आक्रसली, आणि रंग अधिक गडद झाला. भिंत जागेवर, आतला गोळा कोपऱ्यात. पेशीभित्तिका आणि तिच्या आतलं पातळ आवरण, प्रद्रव्यपटल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगते. इथे त्यांच्यामधली फट दिसत होती. साधं पाणी दिलं, पिशवी फुगून पुन्हा भिंतीला लागली. मीठ लावलेल्या कोशिंबिरीला पाणी सुटतं ते असंच.

दुपारी मामी अळूचं फतफतं करायला बसली, तर मी एक देठ मागून घेतला. देठाची पातळ चकती भिंगाखाली धरली. साध्या पेशींच्या मध्ये एखादीच लांबट पेशी, आणि तिच्यात सुयांची जुडी. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, दोन्ही टोकांना टोकदार. पेशीला पाणी लागलं तशा एका टोकातून सुया निघायला लागल्या, एकामागे एक, भात्यातून बाण सुटावेत तशा. अळू घशाला खवखवतं ते यांच्यामुळे. मामीने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता आमटीत आणखी दोन आमसुलं टाकली.

चौथा दिवस : किल्ला आणि शिणाणे

सकाळी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. गर्दी होती, उन्हं चढत होती, आम्ही लवकर परतलो.

येताना बाजारात शिणाणे घेतले, हिरव्या कडांच्या शिंपल्यातले, जिवंत. एक मामीने उघडून दिला. त्याच्या कल्ल्याचा नखाएवढा तुकडा समुद्राच्याच पाण्याच्या थेंबात ठेवला. असा तुकडा कापल्यावरही काही तास जिता राहतो. कल्ल्याच्या कडेला केसांसारखे पक्ष्माभिका. ते हलतात म्हणणं फार कमी झालं. पिकल्या शेतावरून वारा जावा आणि लोंब्या ओळीने झुकत जाव्यात, तशी लाट कडेवरून धावत होती. एकही केस आपला ठेका सोडत नव्हता. प्रत्येकाच्या आत सूक्ष्म नळ्यांच्या नऊ जोड्या कडेने आणि मधोमध दोन नळ्या. आपल्या श्वासनलिकेत धूळ वर ढकलणाऱ्या केसांची रचनाही अगदी हीच.

आता या वल्हवण्याला बळ कुठून? इथे सईचं पाठ वाक्य उपयोगी पडलं. त्या पेशींत तंतुकणिका दाटीने असतात आणि अन्नातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूच्या सुट्या नाण्यांत मोडून देतात. आमच्या भिंगाने कल्ल्यात त्या वेगळ्या दिसल्या नाहीत.

“मग गॉल्गी? रायबोसोम? लयकारिका?” सईने पेशीतली उरलेली नावं घेतली.

प्रकाशाच्या भिंगाला साधारण ०.२ मायक्रोमीटरहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. प्रथिनं विणणारा रायबोसोम त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. त्याची रचना उलगडली त्याबद्दल २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यात वेंकटरामन रामकृष्णन होते, चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले. कामिल्लो गॉल्गीने १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत चांदीच्या क्षारांनी रंगवून जे जाळं, म्हणजे गॉल्गी संकुल, पाहिलं, ते खरं आहे की रंगाची करामत, यावर पुढे कित्येक दशकं वाद चालला.

पण मी सईला म्हटलं, तुझी बोटं एकमेकांवर घास. शिणाण्याचा बुळबुळीत चिकटा होता. हा बुळा पाण्यातलं अन्न धरून तोंडाकडे नेतो. त्यातली प्रथिनं रायबोसोमांनी विणली, आंतर्द्रव्यजालिकेत त्यांच्या घड्या पडल्या, गॉल्गी संकुलात त्यांना साखरेच्या साखळ्या लागल्या, मग पुटिकांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, भरून ती पेशीच्या कडेला आली आणि बाहेर पडली. तेच तुझ्या बोटाला लागलंय. अन्न पोटातल्या पेशींनी गिळलं की ते मोडायचं काम लयकारिकांचं. सईने बोटं नाकाशी नेली, परत घासली. बराच वेळ हात धुतला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर पडवीत तंतुकणिकांचा विषय पुन्हा निघाला. त्यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो १६,५६९ अक्षरजोड्यांचा, त्यात ३७ जनुकं. लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये मांडलं की त्या मुळात स्वतंत्र जिवाणू होत्या, दुसऱ्या पेशीच्या पोटात गेल्या आणि तिथेच नांदल्या. आज हे सर्वमान्य आहे. आणि माणसात त्या येतात फक्त आईकडून. बापाच्या थोड्या बीजांडात शिरतात, त्या नष्ट केल्या जातात. मी हिशेब मांडला: आजीकडून माझ्या आईला, मग ताईला आणि मला, ताईकडून सईला. मामाकडेही आजीच्याच, पण त्याच्या मुलांकडे मामीच्या. मामा म्हणाला, म्हणजे माझ्यावर येऊन थांबल्या. आजीने सईचा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, जणू मनगटावर काही लिहिलंय.

पाचवा दिवस : शहाळं आणि देवबाग

माडावरून शहाळी उतरवली. माडाचं फळ अगदी कोवळं असतं तेव्हा त्याच्या पाण्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात. मध्ये एकही भिंत नाही, एकच मोठं तळं आणि त्यात वाढत जाणारी केंद्रकं. मग कवटीच्या कडेपासून त्यांच्यामध्ये भिंती उभ्या राहायला लागतात. ती मलई. पुढे तेच खोबरं. आमचं शहाळं जरा पुढे गेलेलं होतं, म्हणून पाण्यात काही मिळालं नाही. मलईला आयोडीन लावलं तेव्हा पातळ भिंतींच्या पेशी आणि त्यांतली केंद्रकं दिसली. बाकीची सईने चमच्याने संपवली.

संध्याकाळी रापणीला जाणारे मामाचे मित्र सांगत आले, “देवबागेक दर्याचां पाणी पेटलां हा.” अमावस्या दोन दिवसांवर होती. नऊला निघालो.

किनाऱ्यावर आधी काहीच दिसेना. मग एक लाट फुटली आणि तिची कड निळी झाली. आडवी रेघ पेटत गेली आणि विझली. सई ओल्या वाळूवर चालली तर प्रत्येक पावलाभोवती ठिणग्या. आम्ही कुणीच बोललो नाही. काचेच्या दोन बरण्या भरून घेतल्या.

घरी आलो तो साडेदहा. आजी जागीच होती. आधी एक थेंब भिंगाखाली. नॉक्टिल्युका: एकपेशीय, पारदर्शक फुगा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, एक मुरड घातलेली सोंड. आतली जवळपास सगळी जागा रिक्तिकेची. पेशीद्रव्य एका बाजूला गोळा झालेलं आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कडेपर्यंत गेलेले. एकीच्या पोटात गिळलेलं दुसरं काहीतरी होतं. सई धाग्यांवरचे कण शोधत राहिली आणि तिला ते सापडले.

या फुग्याला धक्का लागला की नायटेलासारखीच एक विद्युतलहर धावते, इथे रिक्तिकेच्या पटलावरून. रिक्तिकेतलं पाणी कोकमाच्या रसासारखं आंबट असतं. लहर आली की त्यातलं आम्ल पटलाला लागून असलेल्या सूक्ष्म दाण्यांत शिरतं, दाण्यांतलं ल्युसिफेरिन नावाचं प्रकाश देणारं द्रव्य जागं होतं आणि प्रकाश पडतो. पापणी लवायच्या आत सगळं संपतं.

“आजी, इकडे ये,” सई म्हणाली. तिने परात घेतली आणि दुसरी बरणी हळूच तिच्यात ओतली. मामाने दिवे घालवले. तरी देवघरातून उजेड येत होता. आजी उठली आणि तिने नंदादीप पदराआड केला.

मग परातीपाशी खाली बसली आणि थरथरती बोटं पाण्यात घातली. बोटांभोवती निळी कडी पेटली. हात जसा कापत होता तशी कडी उमटत आणि विरत होती.

“दिसतां गो,” म्हणाली. “माका दिसतां.”

तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला. हळूहळू उजेड मंदावला. मी सांगितलं, त्यांना जरा विसावा द्यायला हवा, मग परत पेटतील. आजीने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि अंधारात तशीच बसून राहिली. सई तिला टेकून बसली. बऱ्याच वेळाने आजीने एकच बोट पाण्यात बुडवलं.